ओंजळीची टाळी

नासेवू,
वाइमारे नदीकाठ
सोमवार, ११ मार्च

प्रिय अकानिसी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी आईही बरी आहे, असं शेजाऱ्यांकडून कळतं. तिचे गुडघे आता कुरकुरतात म्हणे, तरी नदीत उतरून शिंपले काढणं काही थांबलेलं नाही.

आज सकाळपासून एक आवाज कानात घुमतो आहे. टाळीचा. तुमच्या परिषदांमध्ये भाषण संपल्यावर कडकडतात त्या टाळ्यांचा नव्हे. तळव्यांची ओंजळ करून वाजवलेली, पोकळ, घुमणारी, आपल्या म्हाताऱ्यांची टाळी. मी शाळेत होतो तेव्हा घराच्या एका टोकाला कंदिलाशी बसून एपेली मास्तरांची कविता घोकायचो आणि दुसऱ्या टोकाला माझे वडील आणि काका यंगोनाचं, त्या मुळांच्या कडवट पेयाचं, पातेलं मध्ये घेऊन मांडी घालून बसलेले असायचे. कुणी पाहुणा त्याच मुळांची जुडी पुढे ठेवायचा, आपल्यातला कुणी ती उचलून चार शब्द बोलायचा, आणि मग ती टाळी: आणलेलं स्वीकारलं, मागितलेलं दिलं. घोकणं आणि टाळी एकमेकांत इतकी मुरली, की अजून त्या ओळी ओठांवर आल्या की माझे तळवे आपोआप वाकतात.

डोंगर मोठा, बोलत नाही;
नदी लहान, थांबत नाही.

मास्तरांनी स्वतः रचलेली. कुठे छापून आली नाही. आमच्या वर्गाबरोबरच ती संपणार, म्हणून तुला लहानपणी मांडीवर बसवून शिकवली होती. तू "थांबत नाही"च्या ऐवजी "आंघोळ करत नाही" म्हणायचीस आणि पळून जायचीस.

तुझं पत्र शनिवारच्या बसने आलं. विद्यापीठाचा शिक्का, जाड कागद. उत्तर मी हातानेच लिहितो आहे. शाळेतल्या बाई पानांचे फोटो काढून तुला फोनवरून पाठवतील. वाचू नका, अशी त्यांना विनंती केली आहे, आणि त्या वाचणार हे मला ठाऊक आहे.

माझ्या नावाचं अध्यासन. ब्रिस्बेनमध्ये. आणि त्यावर पहिली नेमणूक तुझी. खरं सांगतो, शनिवारी दुपारी अंगणात उभं राहून मी ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं: प्राध्यापक सेकोवे राइवालू अध्यासन, उद्योगांची सामाजिक जबाबदारी आणि विकास. कोंबड्यांनी माना वर केल्या, जरा ऐकलं, आणि पुन्हा माती उकरायला लागल्या. पण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी सुरुवात केली तेव्हा ह्या विषयाला नावसुद्धा नव्हतं. खाणवाले म्हणायचे, हा चर्चचा माणूस दिसतो. चर्चवाले म्हणायचे, हा खाणवाल्यांचा माणूस आहे. सुवाच्या विद्यापीठाला मला कुठे बसवावं कळेना, म्हणून त्यांनी हिशेबशास्त्राच्या इमारतीत जिन्याखालची खोली दिली. डोक्यावरून दिवसभर विद्यार्थी धडाधड चढायचे-उतरायचे आणि खाली बसून मी एकच प्रश्न चघळायचो: कंपनी एखाद्या गावाला "विचारते", म्हणजे नेमकं काय करते?

तू पहिल्या बाकावर बसायचीस. वर्गात मला सर म्हणायचं की घरच्यासारखं मोमो, म्हणजे मामा, हे न ठरल्यामुळे काहीच म्हणायची नाहीस. नुसता हात वर करून बसायचीस. पोरं हसायची. तुझ्या निबंधावर मी लाल शाईने लिहिलं होतं, "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला विचारणं हे विचारणं नव्हे." पुढे माझं ते एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. जिनिव्हात एका बाईने ते भाषांतर करून भिंतीवर लावलं होतं. पण आधी ते तुझ्या वहीत होतं.

बाकी काय लिहू? ब्रेडफ्रूट यंदा भरपूर धरलाय. सोलोमोने, आपल्या गावाच्या वतीने पाहुण्यांशी बोलणारा, अजून तसाच लांबण लावतो. परवा लग्नाच्या बोलणीत त्याने इतका वेळ घेतला, की नवऱ्या मुलाकडचा एक म्हातारा बसल्या जागी घोरायला लागला.

तुला ते काळं डुक्कर आठवतं? नाताळसाठी पोसलं होतं आम्ही. तू वडिलांच्या बेटावरून सुटीला आली होतीस, परकराला कसला तरी डाग, नाक वाहतंय. कुंपणाशी उभी राहून बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "हे माझं." तुझे सगळे मोमो हसत हसत दोर शोधायला गेले. ह्या गावाच्या लेकीची लेक तू. आमची वासू. वासूने बोट दाखवलं की ती वस्तू तिची. आम्हाला तेवढंच ठाऊक. ते डुक्कर होडीत चढवताना ओरडत होतं आणि तू त्याला समजावत होतीस, की तिकडे समुद्र आहे, तुला आवडेल. त्या नाताळला आम्ही डब्यातलं मांस खाल्लं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यावर हसत होतो.

तेव्हा अजून एक काम तू करायचीस. तुझी आई, लाइसानी, माझी पाठची बहीण. मोठी झाल्यापासून आम्ही एकमेकांशी तोंडाने बोललेलो नाही. भाऊ-बहिणीची रीतच ती. तिला मी कधी तोडली नाही, तिनेही नाही. आता ती इथेच परत आली आहे, पण तेव्हा सुटीत ती तुला घेऊन माहेरी आली की आमचं बोलणं व्हायचं. तू दोन घरांमध्ये पळत सुटायचीस. "आई म्हणते, मोमोच्या छपरावरचं एक पान उडालंय." "मोमो म्हणतो, शिंपले गोड होते." परत येताना अर्धं विसरायचीस, आणि बाकीचं मनाने लावायचीस. तुझ्यामुळे आमची दोन-तीन भांडणं झाली आणि तुझ्यामुळेच मिटली.

लांबण लागली. सोलोमोनेचा गुण लागला म्हणायचं.

तर उत्तर. अध्यासन नको. तू मागितलेली प्रस्तावनाही मी लिहिणार नाही. पत्रासोबतचा, कंपनीसाठी केलेला तुझा नदीचा अहवाल वाचला. वाक्यं चांगली आहेत, मी शिकवल्यासारखी. कारण त्यातल्याच एका फोटोत आहे. तू शोधून काढ. माझी विद्यार्थिनी आहेस.

ब्रिस्बेनला आता हवा पालटत असेल. जप.

तुझा
मोमो


नासेवू
बुधवार, १३ मार्च

प्रिय अकानिसी,

तुझं उत्तर बाईंनी फोनवरून वाचून दाखवलं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मी फोन मागून घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला "तुम्ही" लिहिलं आहेस. वर्गातसुद्धा तुला जे जमलं नाही ते आता जमलं.

बरं. तू जे म्हणतेस ते एकेक घेऊ.

तू म्हणतेस, मी जन्मभर परिषदांमध्ये उभा राहून नाही म्हणत आलो, त्यातून एक तरी पूल झाला का? नाही झाला. काही नद्या वाहत राहिल्या. वाहत राहिलेल्या नदीचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, म्हणून ती कुणाच्या अहवालात येत नाही.

तू म्हणतेस, शाळेला नवं छप्पर मिळेल, रस्ता डांबरी होईल, दवाखान्याची होडी येईल. मिळू दे की. छप्पर वाईट असतं असं मी कधी म्हटलं? पण रेती-खडी काढायला नदीचा तळ खरवडला, की शिंपले राहणार नाहीत. गावातल्या बायका सकाळी कुठे उतरणार, हे तुझ्या अहवालात नाही. "पर्यायी उपजीविका" असा एक शब्द आहे, आणि त्याच्यापुढे पूर्णविराम.

तू म्हणतेस, ही कंपनी निदान विचारते तरी. उद्या दुसरी येईल, ती विचारणारसुद्धा नाही. इथे मी थोडा थांबलो. कारण हेच वाक्य मी तुझ्या वयाचा असताना लिहिलं होतं आणि त्यावर मला बढती मिळाली होती.

आणि शेवटी तू लिहितेस, "टाळी वाजली, मोमो. तुमचीही वाजली. कॅमेऱ्यात आहे."

वाजली.

आता कंपनी गावात मागायला आली तो दिवस मी सांगतो. तू तिथे होतीस, पण तू पाहुण्यांच्या बाजूला बसली होतीस. तिथून घर वेगळं दिसतं.

आदल्या दिवशी सगळं गाव बसलं होतं, बायकांसकट. ठरलं होतं की नाही म्हणायचं. वाद झाला, पण थोडा. सोलोमोनेने नकाराचं भाषण तयार केलं, आंब्याखाली फेऱ्या मारत पाठ केलं, मला दोनदा ऐकवलं. सुंदर होतं. त्यात आपल्या पूर्वजांची नावं होती, नदीच्या प्रत्येक वळणाचं नाव होतं. कंपनीचा साहेब येईल, डेरेक, तो मागणीची खूण म्हणून रीतीचा देवमाशाचा दात पुढे ठेवील, आणि सोलोमोने तो मानाने परत करील. परत करता येतो. अवघड असतं, पण येतो. परक्याला करता येतो.

तुम्ही आलात. खालच्या दाराने, वाकून, रीतीप्रमाणे. डेरेकचं लुंगीसारखं नेसलेलं सुलू नीट बसलं नव्हतं, पोरी हसत होत्या. आणि त्याच्या मागून तू. कानामागे फूल, अंगात तुझ्या आईने शिवलेला निळा सुलू-जाबा. मी उठून तुला जवळ घेणार होतो. पण तू त्यांच्या रांगेत जाऊन बसलीस.

दात डेरेकने पुढे ठेवला नाही. तो तू दोन्ही हातांत धरलास, अहवालातल्या त्या फोटोत आहे तसा. मान खाली घालून म्हणालीस, "मोमोंनो, मी मागायला आले आहे."

अकानिसी, सोलोमोनेने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं एवढं पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. ह्या विषयावर जगभर बोलत हिंडलेला माणूस घरातच बसला होता ना. आणि त्या माणसाचे तळवे वाकले. माझीच टाळी पहिली होती. फिल्ममध्ये नीट ऐक, एक टाळी बाकीच्यांच्या जराशी पुढे आहे. ती माझी.

तुझी आई बायकांत, दाराशी बसली होती. टाळी वाजायच्या आधी ती उठून गेली. मला फक्त तिची पाठ दिसली. तेव्हापासून तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. तुझी बाजू घेते की माझ्यावर चिडली आहे? मला कोण सांगणार? आमचा निरोप्या ब्रिस्बेनला असतो.

हे सगळं मला सोमवारीच लिहायचं होतं. लिहवेना. डुकराचं लिहीत बसलो.

तुझ्या विद्यापीठात नद्यांचे जाणकार आहेत, वकील आहेत, माझ्याहून मोठे पंडित आहेत. कंपनीने त्यांच्यातलं कुणी का नाही नेमलं? त्यांनी तुझी पदवी नेमली नाही, पोरी. तुझ्या आईचं माहेर नेमलं. कुणीतरी डेरेकला सांगितलं असेल, की ह्या लोकांना एका माणसासमोर नकार देता येत नाही. बाहेरच्या माणसाला हे कळून उपयोग नव्हता. त्याला ते वापरायला आतलं कुणीतरी लागत होतं.

तू हे जाणून केलंस का, ते मी विचारत नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

पण हे ऐक. डुक्कर तू तुझ्यासाठी मागितलंस, आम्ही दिलं. उद्या माझं घर माग, मी चटई गुंडाळून बाहेर पडतो. नदीसुद्धा तू तुझ्यासाठी मागितली असतीस, काठावर येऊन राहिली असतीस, तर हिचं काय करायचं ते कर म्हणून आम्ही बाजूला झालो असतो. वासू घेते ती स्वतःसाठी घेते. दुसऱ्याच्या पदरात टाकायला घेत नाही. आणि आमच्या त्या देण्याला तू अहवालात "पूर्वसूचित, मुक्त संमती" म्हटलं आहेस. मुक्त. माझ्या वाक्यावर वाढलेल्या मुलीने.

उद्या परवाना कचेरीचे अधिकारी सुनावणीला आपल्या सभागृहात येतील. तू ब्रिस्बेनहून येऊन त्यांच्यासमोर अहवाल वाचशील. चांगला वाच, स्पष्ट वाच. तुझं झालं की मी उभा राहणार आहे. मी अभ्यासक म्हणून बोलणार नाही. मी पुरावा म्हणून उभा राहणार आहे. सांगणार आहे, की ह्या माणसाने सगळी हयात नकारावर पुस्तकं लिहिली, आणि भाचीने मागितल्यावर ह्याच्याही तोंडून नाही फुटलं नाही. मग इतरांच्या टाळीला तुम्ही संमती कसं म्हणता? फिल्म लावा. ती पहिली टाळी ऐका.

अध्यासनाला दुसरं नाव शोधा.


त्याच दिवशी, संध्याकाळ

पत्र इथेच संपवणार होतो. बाई फोटो काढायला यायच्या आहेत. पण मधे सोलोमोने आणि दोघे-तिघे वडीलधारे येऊन गेले, ते लिहायला हवं.

ते यंगोना घेऊन आले, म्हणजे बोलणं जड असणार हे मी ओळखलं. सोलोमोनेने आज अजिबात लांबण लावली नाही. म्हणाला, "सेको, वासूने नेलेलं परत मागणारा मोमो आजवर ह्या नदीवर झाला नाही. तू झालास तर आमच्या नातवंडांच्या लग्नात लोक हेच सांगत बसतील."

मी म्हणालो, सांगू देत.

"तुला ताप आलाय असं कळवतो उद्या आम्ही. म्हाताऱ्या माणसाला ताप येतो, कुणी विचारत नाही."

मी म्हणालो, ताप आला तर तापात बोलेन.

त्यावर एकाने हळूच सांगितलं, की गावाला नदी नको आहे असं कुणी समजू नये. सगळ्यांना हवी आहे. पण भर सभेत, सरकारी लोकांसमोर, मोमोने वासूला खोटं पाडायचं? मग आपल्यात आणि डेरेकमध्ये फरक तो काय? मी त्याची करवंटी भरून दिली. तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी बोललो तर एक चांगली रीत माझ्या हातून मोडते, गप्प बसलो तर नदी जाते, आणि ह्या दोन्हींच्या मधे तू उभी आहेस.

शेवटी मी म्हणालो, मी बोलणार. लाज वाटली तर माझी मला वाटेल; तुम्ही तोंड फिरवून बसा. ते उठले. जाताना सोलोमोनेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ते माझं भाषण होतं ना, नकाराचं, ते अजून पाठ आहे. फक्त म्हणता येत नाही." आणि गेला.

तेव्हापासून एकटाच बसलो आहे. मास्तरांची ओळ म्हणून पाहिली. डोंगर मोठा, बोलत नाही. लहानपणी मला वाटायचं मास्तर डोंगराची स्तुती करताहेत.

उद्या मी पांढरा सदरा घालणार आहे, तुझ्या पदवीदानाला घातलेला. बटणं लागत नाहीत, पण

थांब. खालच्या दाराशी कुणीतरी खोकलं.

बाई असतील असं वाटून मी म्हणालो, या, झालंच आहे. बाई नव्हत्या. अकानिसी, तुझी आई आली आहे. नदीवरून तशीच, केसांतून पाणी ठिबकतंय, कमरेला शिंपल्यांची टोपली. तिने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि आत येऊन चटईच्या कडेला बसली. मी कुठे बघावं कळेना, म्हणून कागदाकडे बघतो आहे, आणि हात चालूच आहे. म्हणून हे तुला दिसेल.

ती माझ्याकडे बघत नाही. टोपलीकडे बघते आहे. आणि आताच तिने मला नावाने हाक मारली. तिचा आवाज बदललाय. मला तो मुलीचा आठवत होता.

ती म्हणाली, "सेकोवे, उद्या तू बोलू नकोस. मोमोला नाही म्हणता येत नाही. आईला येतं."

मग म्हणाली, "पोरीला लिहितो आहेस ना? मग हेही लिही. मी पुढच्या रांगेत बसणार आहे."

लिहिलं.

तुझा मोमो,
आणि ह्या वेळी निरोप्यावाचून,
तुझी आई